खेळांचीं यंत्रें, पेटंटें आणि वाक्यार्थविचार

एकत्र कुटुंबांतील संध्याकाळचें चित्र आतां पालटलें आहे. पूर्वीं जेवणें आटोपलीं म्हणजे माजघरांत सोंगट्यांचा पट पसरला जाई. आतां मुलें एका कोपऱ्यांत बसून फोनच्या पडद्यावर खेळतात. वडील मंडळी यावर रागावतात किंवा काणाडोळा करतात. परंतु या दोहोंपलीकडची एक गोष्ट विचारी माणसांनीं ध्यानांत घ्यावी अशी आहे. सोंगट्यांच्या पटाला कोणी धनी नव्हता. आमच्या मुरुमांत वाड्यागणिक पटाचे नियम थोडे थोडे निराळे असत, आणि कोणाचा नियम खरा हा वाद घरांतील आजीच्या एका शब्दानें मिटे. पडद्यावरील खेळाच्या पाठीशीं मात्र कागदांची मोठी चळत असते, आणि तींतील एकेका शब्दावरून कोट्यवधि रुपयांचे खटले चालतात. आपल्याच घरचीं मुलें आज पुण्यास, हैदराबादेस असले खेळ व त्यांचीं साधनें बनविण्याचीं कामें करीत आहेत. तेव्हां हा विषय आतां केवळ वकिलांचा राहिलेला नाहीं.

खेळाच्या यंत्राचें पेटंट एकानें घेतलें, आणि दुसऱ्यानें तसेंच यंत्र केलें अशी तक्रार झाली, तर न्यायालय निवाडा कसा करतें? दोन यंत्रें मेजावर शेजारीं शेजारीं ठेवून त्यांचें साम्य पाहिलें जात असेल, असा सामान्य समज आहे. तो बरोबर नाहीं. न्यायालय आधीं वाक्य वाचतें, त्याचा अर्थ ठरवितें, आणि मग त्या अर्थाशीं प्रतिवादीचें यंत्र ताडून पाहतें. म्हणजे हा प्रथम वाक्यार्थविचार आहे, यंत्रविचार नंतरचा.

पेटंट हा समाजानें संशोधकाशीं केलेला एक सौदा होय. संशोधकानें आपली युक्ति उघड करून सांगावयाची. मोबदल्यांत कायदा त्याला, अर्ज केल्याच्या दिवसापासून २० वर्षें, इतरांस ती वापरण्यास मनाई करण्याचा हक्क देतो. मुदत सरली म्हणजे ती युक्ति सर्वांची. १९७० च्या भारतीय पेटंट कायद्याचें दहावें कलम सांगतें कीं, संशोधनाचें संपूर्ण विवरण द्यावें आणि त्याच्या शेवटीं हक्काची व्याप्ति ठरविणारीं वाक्यें घालावीं. वकील या वाक्यांना 'क्लेम' म्हणतात. आपण त्यांस 'हक्कवाक्य' म्हणूं. सात-बाऱ्यावर शेताचें क्षेत्र लिहिलेलें असतें, पण भांडण होतें तें बांधावरून. हक्कवाक्य हा पेटंटाचा बांध आहे.

या बांधाची एक खुबी सांगण्यासारखी आहे. हक्कवाक्यांत यंत्राचीं चार अंगें सांगितलीं असतील तर प्रतिवादीच्या यंत्रांत तीं चारही असावीं लागतात; त्यांतील एक, किंवा त्याच्या तोडीचें दुसरें कांहीं, नसेल तर उल्लंघन होत नाहीं. म्हणून वाक्यांत शब्द जितके अधिक, तितकें शेत लहान. हौशी संशोधकास वाटतें कीं सारे बारकावे लिहिले म्हणजे आपला हक्क बळकट झाला. प्रत्यक्षांत प्रत्येक बारकाव्यागणिक तो बांध एकेक हात आंत सरकवीत असतो. उलट, वाक्य फार मोघम ठेवलें तर त्यांत आधींपासून लोकांच्या वापरांत असलेल्या वस्तुही सामावतात, आणि मग नवीनपणाच उरत नसल्यामुळें तें वाक्यच रद्द होतें. अरुंद लिहावें तर शेजारी सुटतो, रुंद लिहावें तर शेतच जातें.

खेळांच्या बाबतींत आपल्या कायद्यानें पहिला बांध स्वतःच घालून ठेवला आहे. त्याच्या तिसऱ्या कलमाच्या एका पोटकलमांत, केवळ योजना, नियम, मनानें करावयाच्या क्रियेची रीत, किंवा खेळ खेळण्याची रीत हें संशोधन नव्हे, असें सांगितलें आहे. म्हणजे सोंगट्यांचें दान कसें मोजावें यावर कोणासही पेटंट मिळावयाचें नाहीं. साधनाची गोष्ट निराळी. इंग्लंडांत १८७४ सालीं मेजर विंगफील्ड यांनीं टेनिसचें पेटंट घेतलें, असें सांगतात. पण त्या पेटंटाचें शीर्षकच पाहिलें तर तें प्राचीन टेनिस खेळासाठीं केलेल्या नव्या व सुधारलेल्या अंगणाचें होतें. खेळ जुना हें त्यांनीं स्वतःच मान्य केलें होतें; हक्क मागितला तो अंगणावर.

आपल्या पोटकलमांतील 'केवळ' हा शब्द फक्त 'योजने'स लागू आहे, कीं पुढें 'खेळ खेळण्याची रीत' येथपर्यंत त्याची अनुवृत्ति करावयाची? संस्कृत पाठशाळेंत बसलेल्या माणसास येथें मीमांसकांचा अनुषंगविचार आठवल्यावांचून राहणार नाहीं: एका ठिकाणीं उच्चारलेलें पद पुढील वाक्यांशीं जोडावें कीं नाहीं, याचा तो विचार. त्याच कलमांत संगणकाच्या आज्ञावलीस 'तावन्मात्र' असेल तर पेटंट नाहीं, असें म्हटलें आहे. हें 'तावन्मात्र' विशेषण २००२ च्या दुरुस्तीनें आलें. आणि दिल्ली उच्च न्यायालयानें फरीद अल्लानी यांच्या प्रकरणांत १२ डिसेंबर २०१९ रोजीं सांगितलें कीं, आज्ञावलीवर उभारलेलीं खरीं संशोधनें नाकारलीं जाऊं नयेत म्हणूनच तें घातलें आहे. पडद्यावरील खेळ आज्ञावलीवरच चालत असल्यामुळें, त्या एका विशेषणावर केवढें ओझें आहे हें लक्षांत येईल.

आतां अर्थ लावण्याच्या रीतीकडे वळूं. अमेरिकेंत अशा खटल्यांत पंचांची ज्यूरी बसते. कपडे धुण्याच्या दुकानांतील मालाची नोंद ठेवणाऱ्या एका यंत्राचा खटला १९९६ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला; त्या मार्कमन खटल्यांत असें ठरलें कीं, हक्कवाक्याचा अर्थ लावणें हें न्यायाधीशाचें काम आहे, ज्यूरीचें नव्हे. पुढें २००५ च्या फिलिप्स खटल्यांत तेथील पेटंट-अपिलांच्या न्यायालयानें सांगितलें कीं, नुसता शब्दकोश उघडून अर्थ काढूं नये. त्या धंद्यांतील जाणत्या कारागिराला संपूर्ण विवरण वाचून शब्दाचा जो अर्थ उमगेल, तो धरावा.

ग्रंथाचें तात्पर्य ठरविण्यासाठीं आपल्या शास्त्रकारांनीं सहा लिंगें सांगितलीं आहेत: उपक्रम व उपसंहार यांची एकवाक्यता, अभ्यास म्हणजे पुनःपुन्हां उच्चार, अपूर्वता म्हणजे अन्यत्र न कळलेलें, फल, अर्थवाद आणि उपपत्ति. पाश्चात्य न्यायाधीशांनीं हीं आपल्याकडून घेतलीं असें मला मुळींच म्हणावयाचें नाहीं. परंतु लिहिणारा समोर नाहीं, लिहिलेलें तेवढें समोर आहे, आणि त्यावरून कोणाला तरी कांहीं करण्यास भाग पाडावयाचें आहे, अशी अडचण जेथें जेथें येते, तेथें तेथें प्रामाणिक बुद्धि एकाच वाटेनें जाते. मुंबई उच्च न्यायालयांत वकिली केलेले भारतरत्न पां. वा. काणे यांनीं धर्मशास्त्राच्या इतिहासांत पूर्वमीमांसेस स्वतंत्र स्थान दिलें, त्याचेंही कारण हेंच कीं, वचनाचा अर्थ ठरल्यावांचून निवाडा होत नाहीं.

फल व अपूर्वता यांचें उदाहरण व्हिडिओ गेमच्या पहिल्याच मोठ्या खटल्यांत सांपडतें. अमेरिकेंतील सँडर्स कंपनीचे इंजिनियर राल्फ बेअर यांनीं घरच्या टेलिव्हिजनवर खेळतां येईल अशी योजना केली. तिच्यावरून मॅग्नाव्हॉक्स कंपनीनें १९७२ सालीं 'ओडिसी' हें यंत्र बाजारांत आणलें, आणि त्याच वर्षीं अटारी कंपनीचा 'पाँग' निघाला. १९७४ सालीं मॅग्नाव्हॉक्सनें अनेक कंपन्यांवर फिर्याद केली. अटारीनें १९७६ मध्यें तडजोड केली. उरलेल्यांपैकीं शिकागोच्या एका कंपनीविरुद्धचा निकाल न्यायाधीश जॉन ग्रेडी यांनीं जानेवारी १९७७ मध्यें दिला.

तेथें महत्त्वाचें ठरलेलें पेटंट बेअर यांचे सहकारी विल्यम रश यांचें होतें. त्यांतील हक्कवाक्याचा आशय चार अंगांचा होता: पडद्यावर एक मारणारें चिन्ह असावें, एक मार खाणारें चिन्ह असावें, दोहोंची गांठ पडली हें ओळखण्याचें साधन असावें, आणि गांठ पडतांच मार खाणाऱ्या चिन्हास निराळी गति देण्याचें साधन असावें. या वाक्यांत चेंडू नाहीं, फळी नाहीं, टेनिसचें नांवही नाहीं. त्यामुळें टेनिसऐवजीं हॉकी काढली तरी प्रतिवादी बांधाच्या आंतच राही. पण ज्या खेळांत मारून परतविणें हा प्रकारच नाहीं, तो बाहेर राही. न्यायाधीशांनीं पेटंटें ग्राह्य धरलीं, उल्लंघन झाल्याचें ठरविलें, आणि बेअर यांचें पेटंट या कलेंतील आद्य होय असा निर्वाळा दिला. पुढें १९८२ मध्यें मॅटेल व १९८५ मध्यें ॲक्टिव्हिजन या कंपन्यांविरुद्धही मॅग्नाव्हॉक्सची सरशी झाली. तोंपर्यंत यंत्रांच्या पोटांतील जुनीं मंडलें जाऊन मायक्रोप्रोसेसर आले होते; तरी तेवढ्या पालटानें त्या सुटल्या नाहींत. पोट बदललें होतें, चार अंगें तींच होतीं.

याच्या नेमकें उलट उदाहरण अॅनास्केप विरुद्ध निन्टेन्डो या खटल्याचें. वाद हातांत धरून खेळावयाच्या कंट्रोलरचा होता. टेक्ससमधील ज्यूरीनें मे २००८ मध्यें निन्टेन्डोनें २ कोटी १० लाख डॉलर द्यावेत असा कौल दिला. अपील झालें, आणि एप्रिल २०१० मध्यें अपील-न्यायालयानें तो निकाल फिरविला. अॅनास्केपचा मूळ अर्ज १९९६ चा. त्यांत सहा दिशांनीं हालचाल घेणारा 'एकच' दांडा अथवा गोळा, असें पुनःपुन्हां म्हटलें होतें. २००० सालच्या अर्जांत ते 'एकच'पणाचे शब्द गाळून, अनेक दांडे असलेले कंट्रोलरही पोटांत येतील अशीं हक्कवाक्यें केलीं गेलीं, आणि तारीख मात्र १९९६ चीच मागितली. न्यायालयानें विचारलें: मूळ विवरणांत अनेक दांड्यांची कल्पना होती काय? तेथें तर जागोजागीं 'एकच' हाच घोष होता. तेव्हां रुंद वाक्यास जुनी तारीख मिळाली नाहीं. आणि ती गेल्यावर, दरम्यान १९९७ मध्यें बाजारांत आलेला सोनी कंपनीचा कंट्रोलर आधींचा ठरला. नवीनपणा संपला, पेटंटाचा आधार गेला, २ कोटी १० लाख डॉलरही गेले.

'अभ्यास' या लिंगाचें याहून स्पष्ट उदाहरण मिळणें कठीण. येथें मीमांसेंतील एक प्रसिद्ध विचारही आठवतो. सोमयागांत 'ग्रह पुसावा' असें एकवचनी विधान आहे. तेथें एकच पात्र पुसावयाचें कीं सारीं? शास्त्रकार म्हणतात, सारीं. तेथील एकवचन विवक्षित नाहीं. याच्या उलट पशुयागांतील एकवचन विवक्षित आहे, तेथें एकच पशु घ्यावयाचा. शब्दाचा प्रत्यय तोच, अर्थ मात्र दोन; कारण वक्त्याचा रोख निराळा. अमेरिकन न्यायालयांचा साधारण नियमही असाच आहे कीं, हक्कवाक्यांत 'एक' असें मोघम म्हटलें तर 'एक किंवा अधिक' समजावें. मात्र संपूर्ण विवरणांतून 'एकच' हाच रोख दिसला तर तो मोडतां येत नाहीं.

आपल्या देशांतही असे निवाडे झाले आहेत, आणि त्यांतील एक खेळण्याचाच आहे. फिल्मच्या पट्टीवरील चित्रें डोळ्यास लावून पाहावयाचें जें लहानसें खेळणें आपल्या पिढीनें जत्रेंत पाहिलें, त्याच्या एका प्रकाराचें पेटंट होतें. राजप्रकाश विरुद्ध मंगतराम या नांवानें तो खटला १९७८ च्या निर्णयसंग्रहांत छापलेला आहे. दिल्ली उच्च न्यायालयानें तेथें सांगितलें कीं, बारीकसारीक तपशिलांत गुंतून न पडतां, हक्क मागितलेल्या संशोधनाचें सार व मर्म पाहावें. आनुषंगिक फरक केल्यानें उल्लंघन टळत नाहीं. 'फल' या लिंगाचाच हा आदर.

परंतु मर्म कोणतें हेंच वादग्रस्त असलें म्हणजे काय होतें, तें पुण्याच्या बजाज ऑटो व दक्षिणेकडील टीव्हीएस या कंपन्यांच्या वादानें दाखविलें. तेथें यंत्र खेळाचें नव्हतें, मोटरसायकलचें होतें. पण प्रश्न वाक्यार्थाचाच. बजाजच्या २००२ च्या अर्जांत लहान सिलिंडराच्या इंजिनांत दोन स्पार्क प्लग बसविण्याची युक्ति होती. टीव्हीएसच्या 'फ्लेम' गाडींत प्लग दोनच, पण झडपा तीन. बजाज म्हणे, मर्म प्लगांत आहे. टीव्हीएस म्हणे, आमचें इंजिनच निराळें. मद्रास उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनीं फेब्रुवारी २००८ मध्यें बजाजच्या बाजूनें मनाई हुकूम दिला. मे २००९ मध्यें दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठानें तो उठविला. सप्टेंबर २००९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें, असले दावे तात्पुरत्या मनाईवरच वर्षानुवर्षें रेंगाळूं देऊं नयेत, सुनावणी रोजच्या रोज करावी, असें बजावलें. तरीही वाद मिटला तो २०१९ मध्यें, आपसांत तडजोड होऊन. २००७ ते २०१९ हीं १२ वर्षें. आणि पेटंटाचें सारें आयुष्य २० वर्षांचें. अर्थ लावणें लांबलें म्हणजे हक्क कागदावर राहतो आणि मुदत वाहून जाते, दोन्हीं पक्षांची.

अगदीं अलीकडे, सप्टेंबर २०२४ मध्यें, निन्टेन्डो व पोकेमॉन कंपनीनें 'पालवर्ल्ड' या खेळाच्या कर्त्यांविरुद्ध टोकियोच्या न्यायालयांत तीन पेटंटांवरून फिर्याद गुदरली. मे २०२५ मध्यें त्या कर्त्यांनीं, खेळांतील पात्रानें प्राण्यास धरून तरंगत जाण्याची रीत आपण या खटल्यामुळें बदलीत आहों, असें जाहीर केलें. निकालाची वाट न पाहतां खेळ बदलावा लागला, एवढी धास्ती हक्कवाक्यांची असते.

हें सारें दूरदेशींचें म्हणून सोडून देतां आलें असतें; पण माझ्या एका माजी विद्यार्थ्यामुळें तें मुरुमांत आलें. त्याच्या चुलत बहिणीचे हात जन्मतः कांपतात. भावंडांबरोबर तिला खेळतां यावें म्हणून त्यानें एकाच बटणाचा कंट्रोलर बनविला. घरांत सतरा माणसें. आजोबांनीं सोयाबीनच्या पैशांतून अर्जाचा खर्च उचलला. ते मला म्हणाले, "गुरुजी, यंत्र पोरानें केलें, मग शब्दांचे पैसे वेगळे कशाला?" मुलानें मसुदा माझ्यापुढें ठेवला. हक्कवाक्यांत 'उजव्या हाताच्या तर्जनीनें दाबावयाचें बटण' असें होतें. मीं विचारलें, "बहीण कशानें दाबते?" तो म्हणाला, "कधीं मुठीनें, कधीं कोपरानें." सल्ला देणाऱ्यानें उदाहरण म्हणून सांगितलेलें वाक्य तसेंच हक्कवाक्यांत उतरलें होतें; ज्या मुलीसाठीं यंत्र केलें, तीच त्या वाक्याच्या बाहेर राहिली होती. मग तो 'दाबण्याचें कोणतेंही साधन' असें लिहूं लागला. त्यावर मीं म्हटलें कीं, यांत तर जगांतील सगळींच जुनीं बटणें आलीं. तुझें अपूर्व काय तें सांग. बराच वेळ विचार करून तो म्हणाला, "खेळणाऱ्याचा कंप यंत्र स्वतः ओळखून घेतें, तो वजा करतें, आणि उरलेल्या दाबावरून आज्ञा ठरवितें." तेंच वाक्याच्या अग्रभागीं आलें, आणि तर्जनी खालीं विवरणांत उदाहरण म्हणून गेली. आजोबा ऐकत बसले होते. खर्चाचा प्रश्न त्यांनीं पुन्हां काढला नाहीं.

तो अर्ज मंजूर होईल कीं नाहीं हें परीक्षकांच्या हातीं आहे. पण ज्या घरांत कोणी असें कांहीं घडवीत असेल, त्या घरांतील वडीलधाऱ्यांस एवढें सांगावेंसें वाटतें. युक्ति चारचौघांत दाखविण्यापूर्वीं अर्ज करावा. कारण स्वतः केलेला गवगवाही नवीनपणास बाधूं शकतो. सही करण्यापूर्वीं हक्कवाक्य घरांत मोठ्यानें वाचावें, आणि प्रत्येक विशेषणास विचारावें कीं, तूं येथें कशासाठीं आहेस. आणि उद्यां दुसऱ्या कोणाच्या पेटंटाची नोटीस आपल्या दारीं आली, तर घाबरून काम बंद करण्यापूर्वीं तिच्यांतील हक्कवाक्य काढून अंगें मोजावीं. नोटिशीचा आवाज कितीही मोठा असला तरी बांध वाक्यांत लिहिला असेल तेथेंच असतो.

आमच्या पिढीस संस्कृत शिकवितांना पंतोजी एका विभक्तीसाठीं तासन्‌तास खोळंबवीत. याचा व्यवहारांत उपयोग काय, असें तेव्हां लोक विचारीत. ज्या मुलीच्या मुठीसाठीं वाक्यांतून 'तर्जनी' काढावी लागली, तिच्या घरीं तो प्रश्न आतां कोणी विचारणार नाहीं.